वैशाखऱ्यापर्यंत जुनी वाट

कल्याणहून माळशेजकडे जाणाऱ्या एसटीत बसलं की मुरबाड, सरळगाव, टोकावडे अशी गावं मागे पडत जातात. वैशाखरे आलं की उजव्या हाताला नानाचा अंगठा हा अंगठ्यासारखा कडा दिसतो. इथवर आपण ढोबळमानाने दोन हजार वर्षं जुन्या व्यापारी मार्गानेच आलेलो असतो. पुढे मात्र जुनी वाट उजवीकडे नाणेघाट चढते, आणि डांबरी रस्ता माळशेजला वळतो.

ही फारकत का झाली, हे मला या रस्त्याचं सगळ्यात रंजक कोडं वाटतं. त्याचं उत्तर चाकात आहे.

सह्याद्रीचा हा कडा म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे एकावर एक साचलेले थर. कठीण थर भिंतीसारखे उभे राहतात, मऊ थर झिजतात, आणि क्वचित कुठे कड्याला खाच पडते. नाणेघाट ही तशीच एक खाच. माणसाला आणि पाठीवर गोणी लादलेल्या बैलाला पायऱ्यांची उभी चढण चालते, म्हणून त्यांनी सरळ खाचच गाठली. दोन थरांच्या सांध्यातून पाणी झिरपतं. वाटेवर कातळात टाकी खोदून ठेवली की तांड्याची तहान भागते.

मोटारीचं तसं नाही. आपल्याकडे डोंगरातल्या रस्त्याला साधारणपणे वीस मीटर अंतराला एक मीटर चढ योग्य मानतात. सहाशे मीटर चढायचे तर बारा किलोमीटर लांबीचा रस्ता हवा! नाणेघाटाच्या अरुंद घळीत तो मावणार कुठे? माळशेजला डोंगराच्या कुशीने वळत वळत जायला जागा मिळते.

दोन्ही टोकांना मात्र जुनी गावं आजही उभी आहेत. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या सागरी व्यापाराच्या माहितीपुस्तकात कल्याण, पैठण आणि तेर यांची नावं येतात. घाटमाथ्यावर जुन्नर. तिथल्या लेण्याद्रीच्या चैत्यगृहातला लेख सांगतो की हे दान कल्याणच्या सुलसदत्ताचं आहे. कोकणातल्या बंदरात कमावलेला पैसा घाट चढून इथल्या कातळात आला, याचा इतका स्वच्छ पुरावा विरळाच.

नाणेघाटाच्या माथ्यावरच्या गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. त्यात यज्ञांची दक्षिणा आकड्यांत कोरली आहे. एका ठिकाणी 24,400 कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी. शून्य नाही, स्थानमूल्य नाही. शंभराच्या चिन्हाला चार जोडले की चारशे, हजाराच्या चिन्हाला वीस जोडले की वीस हजार. भारतातल्या अंकांच्या सर्वांत जुन्या नमुन्यांपैकी हे एक, आणि ते सापडावेत तेही व्यापाऱ्यांच्या वाटेवर, याचं मला फार अप्रूप आहे. जवळच एक मोठा दगडी रांजण आहे. त्यात जकातीची नाणी टाकत, असं घाटघरची मंडळी सांगतात.

पावसाळ्यानंतर वैशाखऱ्याला उतरा आणि ती वाट एकदा पायी चढा. वरच्या पायऱ्यांचे दगड झिजून गुळगुळीत झालेत, तेव्हा पाय जपून टाका.