धुक्यातील छायाचित्रण (सातारा जिल्हा)

धुके पडलेले असताना, किंवा ढग जमिनीला टेकलेला असताना, निसर्गाचे आणि जनजीवनाचे फोटो काढण्याची पद्धत. हवेत तरंगणाऱ्या जलकणांमुळे एक किलोमीटरपलीकडचे दिसेनासे झाले की हवामानशास्त्रात त्याला धुके म्हणतात. फोटोसाठी मात्र किती अंतरावरचे पुसले जाते, यापेक्षा किती अंतरावरचे उरते हे महत्त्वाचे.

साताऱ्यात सगळ्यालाच ‘धुकं’ म्हणत असले तरी त्याच्या जाती दोन आहेत. पावसाळ्यात महाबळेश्वर, कास, ठोसेघर या भागात जे वेढून राहते तो खरे तर ढगच. अरबी समुद्रावरून आलेली दमट हवा सह्याद्रीचा चढ चढताना थंडावते, तिच्यातल्या बाष्पाचे कण होतात आणि तो ढग माथ्यावरच बसतो. तो वाऱ्याबरोबर धावतो. समोरचे झाड क्षणात दिसते, क्षणात नाही. हिवाळ्यातले धुके वेगळे. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असला की रात्रभर जमीन निवते, तिला लागलेली हवा गार आणि जड होऊन उतारावरून घरंगळते आणि कृष्णाकाठच्या सखल भागात साचते. वाई, माहुली, कराड, पुढे सांगलीच्या आयर्विन पुलापर्यंत हेच. वर तुलनेने उबदार हवेचे झाकण असल्यामुळे या धुक्याचा पृष्ठभाग ताटात दही लावावे तसा सपाट दिसतो. ऊन चढू लागले की ते विरते.

पहिल्या जातीचे कौतुक जरा जास्तच होते. जुलैत आर्थर सीटच्या कठड्याशी उभे राहून काढलेला दरीचा फोटो आणि घरातल्या चुना मारलेल्या भिंतीचा फोटो यांत फरक सांगता येत नाही. अशा दिवशी दरीकडे पाठ करून रानात शिरावे. महाबळेश्वरच्या जंगलातले जांभूळ, अंजन, पिसा यांचे शेवाळलेले, भिजून काळे पडलेले बुंधे दहा-पंधरा पावलांवर ठसठशीत असतात, त्यामागचे राखाडी आणि त्यामागचे नुसते भास. एरवी दाटीमुळे गिचमिड वाटणारे रान धुके आपोआप सोडवून देते. हिवाळी धुक्यात उलट करायचे, उंचावर जायचे. यवतेश्वर घाटातून किंवा अजिंक्यताऱ्यावरून पहाटे शहर गडप झालेले असते आणि आसपासचे डोंगर बेटांसारखे वर आलेले असतात. इथे लांब पल्ल्याची लेन्स जास्त उपयोगी, कारण ती एकामागच्या एक रांगा जवळ ओढून थरावर थर दाखवते.

कॅमेऱ्याचा प्रकाशमापक समोरचे सारे सरासरी राखाडी आहे असे धरून चालतो. त्यामुळे उजळ धुके तो काळपट, मळकट करून टाकतो. उपाय साधा आहे: प्रकाश पाऊण ते सव्वा स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट) वाढवायचा, मोबाइलवर पडद्याला बोट लावून सूर्याचे चिन्ह वर सरकवायचे. ऑटोफोकस कडा शोधत असतो आणि धुक्यात कडाच नसतात, म्हणून लेन्स पुढेमागे घरघरत राहते. जवळचा खांब किंवा फांदीची कड गाठावी, नाहीतर हाताने फोकस करावा. फ्लॅश बंद ठेवावा. तो लेन्ससमोरचेच जलकण उजळतो आणि फोटोवर पांढऱ्या ठिपक्यांचा पडदा येतो. नंतर संगणकावर धूसरपणा काढणारी ‘डीहेझ’ची पट्टी फार ओढली तर धुकेच पुसले जाते आणि पहाटे चारला उठण्याचे कारण उरत नाही.

सूर्य कुठे आहे यावर सारे ठरते. जलकण बहुतांश प्रकाश पुढच्या दिशेनेच फेकतात, त्यामुळे सूर्याकडे तोंड करून उभे राहिले की धुके पेटल्यासारखे उजळते आणि मधली माणसे, झाडे काळी उमटतात. वाई–सुरूर रस्त्याच्या जुन्या वडाखाली, सूर्य खोडाआड येईल असे उभे राहिले की पारंब्यांमधून उन्हाच्या तिरीपा उतरताना दिसतात. सूर्य पाठीशी असला तर फोटो सपाट येतो. पण कधी कधी समोर पांढरे धनुष्य उमटते. कण फार बारीक असल्यामुळे इंद्रधनुष्याचे रंग एकमेकांत मिसळून ते असे पांढुरके दिसते.

माणसांचे फोटो काढताना खरी कसोटी अंतराची. जानेवारीत कराडकडच्या वाटेवर उसाची बैलगाडी आधी ऐकू येते, घुंगरांनी. मग दोन शिंगे, मग गाडीवानाच्या डोक्यावरचे घोंगडे. वीसेक पावलांवर बैलांची आकृती स्पष्ट असते आणि मोळ्यांचे वाढे अजून करडे असते. बटण तेव्हाच दाबायचे. आणखी दहा पावले पुढे आली की ती रोजचीच गाडी.

ही पहाट सगळ्यांनाच गोड नसते. तासगाव भागातल्या द्राक्षबागायतदाराला धुक्यात डाऊनी दिसतो, कारण ओल्या पानांवर ही बुरशी झपाट्याने पसरते. शेतकरी या धुक्याला धुई म्हणतात, आंब्याचा मोहरही तिने जातो. बागेत शिरण्याआधी विचारावे. समोरचा माणूस औषध मारण्याच्या गडबडीत असतो आणि ‘काय सुंदर वातावरण आहे’ हे वाक्य त्याला ऐकवू नये.

कॅमेऱ्याची काळजी पावसाळ्यात जास्त. एसी गाडीतून थेट कासच्या पठारावर उतरले की गार काचेवर बाहेरचे बाष्प जमते. कॅमेरा बंद पिशवीतच पंधरा-वीस मिनिटे बाहेरच्या हवेत निवांत ठेवावा. प्रस्तुत लेखकाने एका ऑगस्टात ओली लेन्स तशीच पिशवीत कोंबली आणि दिवाळीला तिच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी सापडली. तांदळाच्या डब्यात ठेवण्याचा घरगुती तोडगा भुकटी आत घालतो. सिलिका जेलच्या पुड्या बऱ्या. कासचे पठार २०१२ पासून जागतिक वारशात मोडते. धुक्यात पायवाट दिसत नाही म्हणून फुलांवरून चालणारे दरवर्षी भेटतात.

पसरणी घाटात वळणावर गाडी लावून फोटो काढू नयेत. मागून येणाऱ्या एसटीच्या चालकालाही तेवढेच दिसत असते, जेवढे कॅमेऱ्याला.