डिगर्स

इंग्लंडमध्ये १६४९-५० या वर्षभरात गावोगावची सामायिक माळराने एकत्र कसू पाहणाऱ्या गरिबांची चळवळ. ‘डिगर’ म्हणजे खणणारा. ते स्वतःला ‘खरे लेव्हलर्स’ म्हणवत. हा दावा योग्यच होता. लेव्हलर्स हा त्या काळचा राजकीय समता मागणारा गट. ते मताधिकारावर थांबले, डिगर्सनी जमिनीच्या मालकीलाच हात घातला.

राजा आणि संसद यांच्यातील यादवी युद्धात राजा हरला आणि ३० जानेवारी १६४९ रोजी राजा पहिला चार्ल्स याचा शिरच्छेद झाला. लागोपाठच्या नापिकीने धान्य महागले होते. रविवार, १ एप्रिल रोजी सरे परगण्यातील सेंट जॉर्जेस हिलवर विल्यम एव्हरार्ड हा माजी सैनिक चार जणांसह कुदळ-फावडे घेऊन गेला. देवाच्या विश्रांतीच्या वारी त्यांनी माळ खणून पार्सनिप, गाजर आणि शेंगभाज्यांचे बी पेरले. थोड्याच दिवसांत वीस-तीस माणसे जमली. संसदेच्या सैन्याचा लष्करप्रमुख फेअरफॅक्स याने बोलावले तेव्हा एव्हरार्ड आणि जेरार्ड विन्स्टॅन्ली त्याच्यासमोर डोक्यावरची टोपी न काढता उभे राहिले. त्या काळी टोपी न काढणे म्हणजे समोरच्याचे मोठेपण न मानणे.

चळवळीला विचार दिला तो विन्स्टॅन्लीने. विगनचा हा माणूस लंडनमध्ये कापडाचा व्यापारी होता. यादवी युद्धात धंदा बुडाल्यावर तो सरेमधल्याच कोबॅम गावी लोकांची गुरे राखू लागला. पृथ्वी हा सर्वांचा सामायिक ठेवा आहे, १०६६ मध्ये फ्रान्सकडून येऊन इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मनांनी तो तलवारीने हिरावला, आणि राजा गेल्यावर त्याने दिलेली जमीनदारीही गेली पाहिजे, असे तो मांडे. ईश्वराला तो ‘विवेक’ म्हणे. धर्म आणि जमीन हे प्रश्न त्याच्या लेखी एकच होते. त्याला केवळ आद्य समाजवादी म्हणणारे त्याचा अर्धाच विचार सांगतात.

डिगर्सनी हत्यार उचलले नाही. जमीनदारांच्या माणसांनी मात्र पिके तुडवली, मारहाण केली. एका हल्ल्यात तर पुरुष बायकांचे कपडे घालून आले होते. खटलेही भरले गेले. ऑगस्टमध्ये वस्ती कोबॅमच्या लिटल हीथवर हलली. तिथला जमीनदार जॉन प्लॅट हा चर्चचा धर्मगुरूच होता. एप्रिल १६५० मध्ये त्याच्या पुढाकाराने झोपड्या जाळण्यात आल्या. वेलिंगबरो आणि आयव्हर येथेही अशा वस्त्या उभ्या राहिल्या होत्या.

१६५२ मध्ये विन्स्टॅन्लीने ‘द लॉ ऑफ फ्रीडम’ हा ग्रंथ तेव्हाचा लष्करप्रमुख क्रॉमवेल याला अर्पण केला. खरेदी-विक्रीवर बंदी, सामायिक कोठारे आणि दरवर्षी निवडले जाणारे अधिकारी अशी राज्यरचना त्यात आहे. पुढे त्याने कोबॅममध्ये गावकीची कामे पाहिली. १६७६ मध्ये तो वारला.