सरासरी जुळली, पण धोक्याचा दिवस हुकला

हवेतल्या सूक्ष्म कणांचा, म्हणजे पीएम २.५चा अंदाज देणारं संगणकीय मॉडेल चांगलं आहे हे कशावरून ठरवायचं? एक काल्पनिक उदाहरण घेऊ. दिल्लीतल्या एका केंद्रावर तीन दिवसांची मोजणी आली १००, २०० आणि ३०० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर. मॉडेलने सांगितलं होतं १५०, २०० आणि २५०. दोन्हींची सरासरी २००. चढ-उतारही बरोबर जुळतात, त्यामुळे सहसंबंध १. चुकांची बेरीज १००, म्हणजे मोजलेल्या एकूण ६००च्या सुमारे १७ टक्के. अमेरिकेतल्या अभ्यासकांनी २०१७ साली चांगल्या मॉडेलसाठी सुचवलेले निकष असे आहेत: सरासरी कल (मॉडेल मोजणीपेक्षा सरासरीने किती जास्त किंवा कमी सांगतं ते) १० टक्क्यांच्या आत, एकूण चूक ३५ टक्क्यांखाली आणि सहसंबंध ०.७च्या वर. तिन्हींत आपलं मॉडेल पास!

पण आपल्याकडच्या एक्यूआयमध्ये, म्हणजे हवेच्या गुणवत्तेच्या निर्देशांकात, पीएम २.५ची चोवीस तासांची सरासरी २५०च्या वर गेली की हवा 'गंभीर' ठरते. मॉडेलने तिसरा दिवस त्याच्या खालच्या श्रेणीत ठेवला. बांधकामं थांबवायची, मुलांना घरी ठेवायचं, तो नेमका दिवस हुकला. शिवाय ते निकष उत्तर अमेरिकेतल्या, बऱ्याच स्वच्छ हवेच्या अनुभवावर बेतलेले आहेत. ते जसेच्या तसे दिल्लीला लावून समाधान मानणं मला चुकीचं वाटतं.

मॉडेलं शिखरं कापतात, म्हणजे सगळ्यात वाईट हवेचे आकडे कमी दाखवतात, याचं पहिलं कारण हवेचा मिश्रणथर. जमिनीवरचा धूर ज्या उंचीपर्यंत मिसळतो तो हा थर. हिवाळ्यातल्या शांत रात्री दिल्लीत तो १०० मीटरच्याही खाली येऊ शकतो. तिथे मॉडेलने २०० मीटर धरले, तर तेवढाच धूर दुप्पट हवेत पसरतो आणि आकडा निम्म्यावर येतो. दुपारी थर हजार मीटरच्या आसपास असताना १०० मीटरची हीच चूक जाणवतही नाही. त्यामुळे मॉडेल दिवसाच्या सरासरीवर न तपासता तासातासाला तपासायला हवं. रात्री दोनचा आणि दुपारी दोनचा कल वेगवेगळा काढला की दोष कुठे आहे ते कळतं.

दुसरं कारण म्हणजे उत्सर्जनाची यादी: कुठून, किती, कधी धूर निघतो याचा हिशेब. तो बहुधा काही वर्षं जुना असतो. रस्त्याकडेला पेटवलेला कचरा आणि थंडीतल्या शेकोट्या त्यात नीट उतरत नाहीत. पंजाब-हरियाणातली पराली, म्हणजे कापणीनंतर शेतात उरलेला भाताचा पेंढा, जाळण्याची नोंद उपग्रहांवरून घेतात, पण त्यातले प्रमुख उपग्रह दिवसा दुपारी दीडच्या सुमारास वरून जातात. संध्याकाळी पेटवलेलं शेत त्यांना दिसत नाही आणि दाट धुराखालची आगही निसटते.

मग रसायन. पीएम २.५चा मोठा भाग थेट धुराड्यातून येत नाही, तो हवेतच तयार होतो. थंडीत अमोनिया आणि नायट्रिक आम्ल एकत्र येऊन अमोनियम नायट्रेटचे कण बनतात. दिल्लीत हायड्रोक्लोरिक आम्लामुळे अमोनियम क्लोराइडही बनतं. हे कण पाणी शोषून फुगतात आणि धुकं दाट करतात, असं आयआयटी मद्रासच्या सचिन गुंठे यांच्या गटाने २०२१ साली दाखवलं. हायड्रोक्लोरिक आम्ल उत्सर्जनाच्या यादीतच नसेल तर मॉडेलमध्ये क्लोराइड येणार कुठून? आणि सगळ्यात फसवी स्थिती ही: क्लोराइड कमी, धूळ जास्त, बेरीज मात्र बरोबर. अशा मॉडेलला धूळ आवरली तर काय होईल हे विचारलं, तर उत्तर चुकीचंच येईल. घटक वेगवेगळे मोजून ताडल्याशिवाय ही चूक पकडता येत नाही.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने इतर सरकारी संस्थांसोबत २०१८ साली दिल्लीसाठी पूर्वसूचना यंत्रणा उभी केली. तिचं मॉडेल नकाशाच्या चौकटी पाडून प्रत्येकीसाठी एक आकडा काढतं; या चौकटी उत्तर भारतासाठी १० किलोमीटरच्या आणि दिल्लीसाठी ४०० मीटरच्या आहेत. सुरुवातीची स्थिती सुधारायला उपग्रहांनी टिपलेली हवेची धूसरता वापरतात. हा मोठा आधार आहे, पण दाट धुकं किंवा ढग असले की उपग्रहाला खालचं दिसत नाही, आणि यादीच चुकीची असेल तर ही दुरुस्ती पुढच्या दिवसांत विरत जाते. चौकट लहान केल्यानेही सगळं सुटत नाही. उत्सर्जनाचे आकडे तितकेच बारीक नसतील तर ४०० मीटर नावापुरतेच उरतात.

तुलना करतानाही काळजी हवी. केंद्रावरचं यंत्र हवा आत घेताना बहुधा तापवून कोरडी करतं, म्हणून मॉडेलमधलंही कणांचं कोरडं वजनच घ्यायचं. चौकाशेजारच्या केंद्राचा आकडा १० किलोमीटरच्या चौकटीच्या सरासरीशी भिडवायचा नाही.

यानंतर 'उद्याची हवा आजच्यासारखीच' हा बिनखर्चाचा अंदाज शेजारी ठेवावा. हिवाळ्यात तो बऱ्याचदा बरोबर येतो, म्हणून हवेची श्रेणी बदलली तेवढेच दिवस वेगळे काढावेत आणि त्यांत मॉडेलचे किती इशारे खरे ठरले, किती हुकले, किती उगाच दिले गेले ते मोजावं.