शिंगरू कुंथते तेव्हा: अडकलेली काळी लीद की फुटलेले मूत्राशय?

घोडी व्याल्यानंतरच्या पहिल्या तीन-चार दिवसांत शिंगरू शेपटी उचलून कुंथू लागले, त्याने दूध सोडले आणि पोट फुगले, की काळी लीद अडकली असे सर्रास मानले जाते. बहुतेक वेळा ते खरेही असते. परंतु मूत्राशय फुटलेले शिंगरूही जवळपास असेच दिसते. दोन्ही आजार नर शिंगरांत अधिक आढळतात, त्यामुळे गोंधळ आणखी वाढतो.

गर्भात असतानाच आतड्यात साठलेली पहिली लीद गडद तपकिरी किंवा काळी आणि चिकट असते. निरोगी शिंगरू साधारण तासाभरात उभे राहते, दोन तासांत आचळाला लागते आणि पहिल्या काही तासांतच ही लीद टाकू लागते. चीक, म्हणजे घोडीचे व्याल्यानंतरचे पहिले दूध, सारक असल्याने त्याची त्यात मदत होते. सुमारे २४ तासांत ती संपून पिवळसर, मऊ लीद दिसली, की ही चिंता मिटते. नराच्या कटीची पोकळी अरुंद असल्याने त्याच्यात लीद अडकण्याचा संभव जास्त असतो. अशा वेळी शिंगरू बहुधा पाठीची कमान करून, मागचे पाय पोटाखाली घेऊन कुंथते, शेपटी झटकते आणि लोळते, व कळ ओसरली की पुन्हा आचळ शोधते.

मूत्राशय बहुधा प्रसूतीच्या दाबाने फुटते, मात्र पहिल्या दिवशी शिंगरू चांगले दूध पिते, हुंदडतेही, आणि नेमके हेच फसवे ठरते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते मलूल होते. ते वारंवार मागचे पाय मागे ताणून, पाठ खाली झुकवून लघवीचा पवित्रा घेते, पण थेंबथेंबच गळते. थोडी लघवी झाली म्हणून मूत्राशय शाबूत आहे असे समजू नये, कारण फाटलेल्या मूत्राशयातूनही थोडी लघवी बाहेर येऊ शकते. पवित्र्यातील हा फरक उपयोगी असला, तरी त्यावर निदान सोपवू नये. लक्षणे कधी सुरू झाली ती वेळ मात्र लिहून ठेवावी आणि पशुवैद्याला प्रथम तीच सांगावी.

खरा धोका रक्तात असतो. घोडीच्या दुधात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम कमी असते. लघवी बाहेर न पडता पोटाच्या पोकळीत साठत गेली, की रक्तातील पोटॅशियम वाढते, सोडियम घटते आणि हृदयाचे ठोके अनियमित होतात. म्हणून निदान होताच शिंगराला थेट भूल देणे जिवावर बेतू शकते: आधी शिरेतून योग्य द्रव देऊन आणि पोटातील लघवी काढून पोटॅशियम खाली आणावे लागते, मगच मूत्राशय शिवता येते. सोनोग्राफीत पोटात मोकळा द्रव दिसला आणि त्यातील क्रिएटिनिन (लघवीवाटे बाहेर पडणारा टाकाऊ पदार्थ) रक्ताच्या किमान दुप्पट भरले, तर निदान पक्के होते.

अडकलेल्या लिदीला बहुधा शस्त्रक्रिया लागत नाही. एनिमा आणि द्रव यांनी शिंगरू मोकळे होते. मात्र घरच्या घरी एनिमामागून एनिमा देत राहणे मला अत्यंत चुकीचे वाटते. फॉस्फेटचा तयार एनिमा वारंवार दिल्यास फॉस्फेटची विषबाधा होते, तीव्र साबणाने गुदाशयाला सूज येते आणि सुजेमुळे कुंथणे आणखी वाढते. शिवाय मूत्राशय फुटलेले असेल, तर तेवढे तास फुकट जातात. एका सौम्य एनिमाने उतार पडला नाही, तर पशुवैद्याला बोलवावे. निपचित पडलेल्या शिंगराच्या तोंडात बाटलीने दूध ओतू नये, ते फुफ्फुसात जाते. शिंगराने पहिल्याच दिवशी दूध सोडले असेल, तर चीक किती मिळाला हेही सांगावे, कारण त्यातील प्रतिपिंडे शोषण्याची आतड्याची क्षमता सुमारे २४ तासांत संपते.

महाराष्ट्रात मुंबई, शिरवळ, नागपूर, परभणी आणि उदगीर येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. शिंगराला तेथे न्यायचे असल्यास निघण्यापूर्वी दूरध्वनी करून शिंगराला भूल देण्याची आणि रक्तातील क्षार तपासण्याची सोय त्या वेळी आहे का, हे विचारून घ्यावे, आणि घोडीलाही सोबत न्यावे.