पाळीव हंस आणि उलटलेले पंचांग

हंस तळ्याच्या शोभेसाठी पाळतात हे अलीकडचे. इंग्लंडमध्ये तो आधी ताटासाठी पाळला गेला. डॉर्सेटमधल्या ॲबट्सबरीच्या मठवाशांनी मेजवान्यांसाठी हंसांची अख्खी वसाहत सांभाळली. १४८२ च्या कायद्याने हंस बाळगण्याचा हक्क ठरावीक उत्पन्नाच्या जमीनमालकांपुरता ठेवला, आणि कोणाचा हंस कोणता हे चोचीवर पाडलेल्या खाचांवरून ओळखत. हे सारे पक्षी म्यूट स्वान जातीचे, मुळात त्याच हवेतले. पिल्लू लहान असतानाच एका पंखाचे टोक सांध्यातून छाटायचे, म्हणजे तोल बिघडून ते जन्मभर उडत नाही. पालनातली मोठी युक्ती काय ती एवढीच. काही देशांत आता तिला बंदी आहे, आणि ती योग्यच म्हणायला हवी.

खरे प्रश्न सुरू झाले ते हंस परक्या हवेत नेल्यावर.

थंडीचे भय उगाच वाढवून सांगितले जाते. अंगावर दाट पिसे असलेला प्रौढ म्यूट स्वान गारठ्याने सहसा मरत नाही. त्याला अडवतो तो बर्फ. खालच्या पाणवनस्पती तोडता येत नाहीत, उडण्यासाठी लांब धाव घ्यायला मोकळे पाणी उरत नाही, आणि गोठलेल्या तळ्यावर कोल्हा थेट चालत येतो. हॅम्बुर्गमध्ये हंसांची देखभाल करणारा नेमलेला माणूस १६७४ पासून आहे. तिथल्या आल्स्टर नदीवरचे हंस दर हिवाळ्याच्या तोंडाशी होड्यांतून एका तळ्यावर हलवतात आणि तिथले पाणी पंपाने हलते ठेवतात. कॅनडाच्या शताब्दीनिमित्त १९६७ मध्ये राणी एलिझाबेथ यांनी ओटावाला सहा जोड्या दिल्या, त्यांना मात्र हिवाळाभर छपराखाली ठेवावे लागे. अशा बंदिस्त मुक्कामाची दुखणी निराळी. कडक फरशीवर तळपाय सोलवटून गाठी होतात. दमट पेंढ्यातली बुरशी फुप्फुसात जाते, आणि पक्षी तोंड उघडून धापा टाकू लागला की उपचाराला बहुधा उशीर झालेला असतो. रबरी चटई किंवा जाड वाळू आणि कोरडा, धूळ नसलेला पेंढा हवाच.

उष्ण हवेत संकट पाण्यातून येते. फ्लोरिडातल्या लेकलँडचे आधीचे हंस मगरींनी व कुत्र्यांनी संपवले. १९५७ मध्ये राणीने दिलेल्या जोडीपासून तिथे पुन्हा कळप वाढला. पण तापलेल्या, साचलेल्या पाण्यात तळच्या गाळातला प्राणवायू संपतो आणि बॉट्युलिझमचे जंतू विष तयार करतात. हंसाची मान आधी लुळी पडते, मग ती पाण्याबाहेर धरता न आल्याने तो बुडतो. मेलेल्या पक्ष्यावरच्या अळ्यांतही हे विष साठते, म्हणून उन्हाळ्यात मृत पक्षी त्याच दिवशी उचलायचा.

सर्वांत चुकवणारा काळा हंस. डच दर्यावर्दी विलेम द व्लामिंग यांनी १६९७ मध्ये तो पश्चिम ऑस्ट्रेलियात पाहिला. पुढे नेपोलियनची पत्नी जोसेफिन हिच्या फ्रान्समधल्या मालमेझोंच्या बागेत तो पोचला. १८६० च्या दशकात न्यूझीलंडला नेल्यावर ऋतू तेच राहिल्याने तो झपाट्याने पसरला. उत्तर गोलार्धात मात्र पंचांगच उलटते. हा पक्षी पाऊस आणि चारा पाहून कधीही जोडी जमवतो, त्यामुळे युरोपात ऐन हिवाळ्यातही अंडी घालतो. उबवणीला ३६ ते ४० दिवस लागतात आणि पिल्ले बाहेर येतात ती दहिवरात. उत्तरेकडच्या हूपर आणि ब्यूइक हंसांची अडचण नेमकी उलटी: त्यांना वसंतात झपाट्याने लांबणारा दिवस लागतो, तो दक्षिणेकडे मिळत नाही आणि जोडी वर्षानुवर्षे वांझ राहते.

काळ्या हंसाची अवेळी अंडी काढून घेतली तर मादी पुढे पुन्हा घालते. ती यंत्रात ३७.५ अंशांवर उबवता येतात. आईविना वाढलेल्या पिल्लाला तिच्या पिसांवरचे तेल लागत नाही, ते पाण्यात भिजून गारठते; म्हणून सुरुवातीला ३२ अंशांची ऊब, दर आठवड्याला सुमारे तीन अंशांनी कमी, आणि पोहणे थोड्या वेळापुरते, तेही नजरेखाली. खाण्यात प्रथिने सुरुवातीला २० टक्के चालतात. दोन-तीन आठवड्यांनी ती १५ च्या आसपास आणली नाहीत, तर रक्ताने भरलेली नवी पिसे हाडापेक्षा लवकर जड होतात आणि पंखाचा सांधा बाहेर वळतो. वळल्याचे दिसताच पंख मिटून काही दिवस हलक्या पट्टीने बांधला तर तो सरळ होतो. हाड पक्के झाल्यावर होत नाही.