पणजी राजधानी, मग सर्वांत मोठं शहर कुठलं?

गोव्याची राजधानी पणजी, तेव्हा तिथलं सर्वांत मोठं शहरही पणजीच, असं बरेच जण धरून चालतात. 2011च्या जनगणनेत पणजी महापालिकेच्या हद्दीत साधारण 40 हजार माणसं होती. वास्को ज्या मुरगाव नगरपालिकेत येतं, तिथे 94 हजार. मडगावही पणजीच्या दुपटीहून मोठं. तरी महापालिका आहे ती पणजीला. हा मान राजधानीचा, डोकी मोजून मिळालेला नव्हे.

राजधानी हुकमाने ठरते. पोर्तुगीजांची आधीची राजधानी जुनं गोवं. तिथे साथींपुढे माणसं टिकेनात, तेव्हा त्यांचा व्हाइसरॉय 1759 साली पणजीच्या आदिलशाही वाड्यात राहायला आला. 22 मार्च 1843च्या राजाज्ञेने पणजी ‘नोव्हा गोवा’ या नावाने रीतसर राजधानी झाली. शहर मात्र पोटापाण्यावर वाढतं. मांडवीच्या मुखाशी वाळूचा दांडा आहे. पावसाळ्यात मोठ्या जहाजांना तिथून आत शिरता येत नाही. झुआरीच्या मुखावरचं मुरगाव बंदर बारमाही. म्हणून रेल्वे तिथे गेली, खनिज तिथून जहाजांवर चढलं, कामगारांच्या वस्त्या वाढत गेल्या. दाबोळीचा विमानतळही त्याच बाजूला. पणजीत अजून रेल्वे स्टेशन नाही. गाडीने येणाऱ्याला जवळचं पडतं ते करमळी.

मुरगाव तर राजधानी होता होता राहिलं. 1683 साली संभाजी महाराजांनी जुन्या गोव्याजवळचा जुव्याचा किल्ला घेतला आणि जुनं गोवं हादरलं. त्या धास्तीने व्हाइसरॉय कोंदि द आल्व्होर याने राजधानी मुरगावला हलवायचं ठरवलं, बांधकामंही काढली. ते स्थलांतर तडीस गेलं नाही.

आकडे ताडताना हद्द आधी बघा. घोळ नेमका तिथेच होतो. जनगणना पालिकेची हद्द वेगळी मोजते आणि ‘नागरी समूह’ वेगळा. ताळगावासारखी लगतची वस्ती धरली की पणजीचा समूह 1 लाख 14 हजारांवर जातो, मडगावचा 1 लाख 6 हजारांवर, मुरगावचा जेमतेम 1 लाखावर. म्हणजे क्रमच उलटतो. एका शहराची हद्द आणि दुसऱ्याचा समूह शेजारी मांडला, तर उत्तर हमखास चुकतं. आणि विधानसभा पाहायला पणजीत जाल तर पूल ओलांडावा लागेल: 2000 सालापासून ती मांडवीपलीकडे, बार्देशातल्या पर्वरीला भरते.