जेटच्या ऊर्जेचे अंशशोधन : पार्श्वभूमी

कणत्वरकातील टकरीतून बाहेर फेकला गेलेला क्वार्क (प्रोटॉनसारख्या कणांचा घटक) किंवा ग्लुऑन (क्वार्कना बांधून ठेवणारा कण) शोधकापर्यंत एकटा कधीच पोहोचत नाही. वाटेतच त्याच्यापासून पायॉन, केऑन, फोटॉन अशा अनेक कणांचा अरुंद झोत तयार होतो आणि त्यालाच जेट म्हणतात. अमेरिकेतील स्लॅक प्रयोगशाळेत 1975 साली जेटची पहिली चिन्हे दिसली, 1979 मध्ये हँबुर्गच्या पेट्रा त्वरकावरील तीन जेटच्या घटनांनी ग्लुऑनचा पुरावा दिला आणि 1982 मध्ये युरोपातील सर्न प्रयोगशाळेच्या यूए-2 प्रयोगाने प्रोटॉन-प्रतिप्रोटॉन टकरींतील जेट स्पष्टपणे दाखवले. तोवर मुख्य प्रश्न जेटच्या अस्तित्वाचा होता. त्याची ऊर्जा नेमकी किती, म्हणजेच मोजलेला आकडा खऱ्या ऊर्जेशी जुळवण्याचा (अंशशोधनाचा) प्रश्न खऱ्या अर्थाने पुढे ऐरणीवर आला.

अडचणीचे मूळ कॅलरीमापीच्या (कणांची ऊर्जा मोजणाऱ्या उपकरणाच्या) स्वभावात आहे. इलेक्ट्रॉन किंवा फोटॉन त्यात शिरला की त्याची जवळजवळ सगळी ऊर्जा मोजण्याजोग्या संकेतात उतरते; हॅड्रॉनच्या (पायॉन, केऑन अशा क्वार्कपासून बनलेल्या कणांच्या) बाबतीत मात्र ऊर्जेचा काही भाग अणुकेंद्रके फोडण्यात खर्च होतो आणि तो संकेतात दिसतच नाही. शिवाय हा तोटा दर वेळी वेगळा असतो. हँबुर्गच्याच हेरा त्वरकावरील झ्यूस प्रयोगाने युरेनियम आणि प्लॅस्टिक स्फुरक (कण आरपार गेला की चमकणारा पदार्थ) यांच्या थरांच्या जाडीचे प्रमाण असे जुळवले की दोन्ही प्रकारच्या कणांना जवळपास सारखा प्रतिसाद मिळावा. बहुतेक प्रयोगांना ही सोय परवडण्यासारखी नव्हती, त्यामुळे त्यांना दुरुस्ती नंतर गणिताने करावी लागली.

त्या दुरुस्तीचा आधार संवेग अक्षय्यतेचा नियम होता. जेटच्या समोरच्या दिशेला एकच फोटॉन असेल, तर दोघांचे आडवे (त्वरकातील कणांच्या मार्गाला लंब दिशेतले) संवेग जवळजवळ समतोल असायला हवेत, आणि फोटॉनचे मापन अधिक विश्वासार्ह असल्यामुळे त्याच्या तुलनेत जेट किती कमी मोजला गेला हे कळते. अमेरिकेतील फर्मीलॅब प्रयोगशाळेच्या डी-झिरो गटाने हाच विचार पुढे नेऊन संपूर्ण घटनेतील आडव्या संवेगाच्या असमतोलावरून जेटचा प्रतिसाद ठरवण्याची पद्धत विकसित केली.

या कामाचे महत्त्व 1996 साली फार ठळकपणे समोर आले. फर्मीलॅबच्याच सीडीएफ गटाला 200 अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्टच्या वरच्या जेटची संख्या अपेक्षेपेक्षा जास्त आढळली आणि क्वार्कलाही अंतर्गत रचना असावी काय, अशी चर्चा सुरू झाली. ऊर्जा वाढेल तशी जेटची संख्या इतक्या वेगाने घटते की मोजपट्टी एका टक्क्यानेही सरकली, तर संख्येत त्याच्या कित्येक पट फरक पडतो. म्हणून संशयाची पहिली सुई अंशशोधनाकडे वळणे स्वाभाविक होते. पुढे त्या वाढीचा खुलासा प्रोटॉनमधील ग्लुऑनच्या वाटपाचा अंदाज सुधारून झाला. तरीही माझ्या मते अंशशोधन हा कारकुनी तपशील नसून निष्कर्षाचाच भाग आहे, ही जाणीव त्या प्रकरणाने पक्की केली.

सर्वांत जड अशा टॉप क्वार्कचे वस्तुमान मोजतानाही हाच अडसर होता. त्यावर फर्मीलॅबच्या टेव्हाट्रॉन त्वरकाच्या दुसऱ्या पर्वात निघालेला तोडगा मला या इतिहासातला सर्वांत सुंदर टप्पा वाटतो. टॉपच्या विघटनात निर्माण होणारा डब्ल्यू बोसॉन अनेकदा दोन जेट देतो आणि त्याचे वस्तुमान, सुमारे 80.4 अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्ट, आधीच अचूक माहीत आहे. म्हणजे ज्या घटनांतून टॉपचे वस्तुमान काढायचे, त्याच घटना मोजपट्टीही तपासून देऊ लागल्या.

सर्नच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडर या त्वरकावर एकाच वेळी होणाऱ्या अनेक टकरींची ऊर्जा जेटमध्ये मिसळू लागली, तेव्हा 2008 मध्ये मांडलेली अँटी-केटी ही जेट ठरवण्याची रीत आणि जेटच्या क्षेत्रफळानुसार ही जादा ऊर्जा वजा करण्याची पद्धत उपयोगी पडली. जेटमधील साधारण दोन तृतीयांश ऊर्जा विद्युतभारित हॅड्रॉनांकडे असते. म्हणून तिथल्या सीएमएस प्रयोगाने त्यांच्या मोजमापासाठी मार्गमापीवर (भारित कणांचा मार्ग नोंदणाऱ्या उपकरणावर) भर दिला. अ‍ॅटलास या तिथल्याच दुसऱ्या प्रयोगाने 2010 च्या माहितीवर मध्यवर्ती भागात, 60 ते 800 अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आडव्या संवेगाच्या पट्ट्यात, अनिश्चितता 2.5 टक्क्यांच्या खाली आणली. मात्र ग्लुऑनपासून निघालेल्या जेटमध्ये कण जास्त आणि मंद असतात, तर बॉटम क्वार्कच्या जेटमधून न्यूट्रिनो ऊर्जा घेऊन निसटतात. त्यामुळे जेट कोणत्या कणापासून जन्मला यावर दुरुस्ती अवलंबून राहते आणि उरलेल्या अनिश्चिततेचा मोठा वाटा तिथेच आहे.